नळीवरचं साल आणि रायफलीचं वय

जुनं लोखंड : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं शिवणयंत्रांवर आणि टपालात आल्या बंदुका. चूक माझ्या एका वाक्याची. कनेक्टिकटच्या टूलरूममध्ये माझ्या शेजारच्या लेथवर विंचेस्टरच्या कारखान्यातून आलेले दोन म्हातारे टर्नर होते, एवढंच मी लिहिलं होतं. त्या दोघांच्या डब्याच्या सुट्टीतल्या गप्पा, नंतर केलेलं वाचन आणि हातात आलेल्या काही रायफली या भांडवलावर ही उत्तरं देतो आहे. फोटो बघून किंमत मी सांगत नाही. आणि जुन्या रायफलीत काडतूस घालून 'चालते का बघू' म्हणणाऱ्यांनी हे पान उलटावं.

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या शेजारच्या आजी वारल्यानंतर त्यांच्या मुलानं आजोबांची लिव्हरची (चापाखालचा दांडा ओढून काडतूस चढवायची) रायफल रीतसर कागदपत्रं करून माझ्या नवऱ्याला दिली. नळीवर 'किंग्ज इम्प्रूव्हमेंट' असं लिहून पुढे २९ मार्च १८६६ आणि १६ ऑक्टोबर १८६० अशा तारखा आहेत. नवरा म्हणतो, ही अमेरिकेच्या सिव्हिल वॉरमध्ये लढलेली. पण मागच्या पट्टीवर 'मॉडेल १८७३' असंही वाचता येतं. नळीवर '३८ डब्ल्यू.सी.एफ.' आहे. यातलं खरं साल कुठलं?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, तिन्ही सालं खरी आहेत, पण तुमच्या रायफलीचं जन्मसाल त्यात एकही नाही.

१६ ऑक्टोबर १८६० ही बेंजामिन टायलर हेन्रीच्या पेटंटची तारीख. न्यू हेवनच्या कारखान्यात हेन्री कामावर देखरेख करायचा. मालक ऑलिव्हर विंचेस्टर, मूळचे शर्टांचे कारखानदार. हेन्रीच्या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात पुढच्या टोकाकडून भरायची. त्या नळकांड्याला खालून लांबलचक फट होती आणि तिच्यातून चिखल, गवत, वाळू सगळं बिनबोभाट आत जायचं. मग नेल्सन किंगनं चौकटीच्या उजव्या अंगाला स्प्रिंगची झडप बसवली. काडतूस तिथून आत ढकलायचं, नळकांडं पूर्ण बंद. २९ मार्च १८६६ ही त्या झडपेच्या पेटंटची तारीख. तुमच्या रायफलीच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढी झडप आहे ना? तीच. या दोन्ही गोष्टी १८७३च्या मॉडेलातही होत्या, म्हणून कारखाना दोन्ही तारखा नळीवर ठोकत राहिला.

आता तुमच्या यजमानांचं सिव्हिल वॉर. ते १८६५ला संपलं. त्यात हेन्री रायफली होत्या. सरकारनं सुमारे १,७०० घेतल्या, शिवाय कितीतरी सैनिकांनी पदरचे पैसे मोडून आणल्या. सगळ्या मिळून हेन्री बनल्या जेमतेम १४,०००. तिची चौकट पिवळ्या धातूची, १८६६च्या मॉडेलचीही तशीच. १८७३ला चौकट लोखंडाची झाली. तुमची काळसर असणार. वाद तिथेच मिटतो.

पण १८७३ हे मॉडेलचं साल झालं. ही रायफल कारखान्यानं १९२०च्या दशकापर्यंत बनवली, जवळपास ७ लाख २० हजार नग. तुमची त्यातली कितवी, हे चापामागच्या खालच्या पट्टीवर कोरलेल्या आकड्यावरून कळेल. रायफल रिकामी आहे हे जाणकाराकडून आधी बघून घ्या, मगच उलटी करा आणि भिंगातून आकडा वाचा. ३ आणि ८ यांची गल्लत फार होते. माझा उपाय म्हणजे खडूची पूड बोटानं हलकेच चोळायची आणि उजेड तिरका धरायचा. कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घेतलात तर आणखी उत्तम.

तो आकडा हाती येईपर्यंत नळीवरचा '३८' कामाला येतो, म्हणजे .३८-४० हे काडतूस. सुरुवातीला १८७३ फक्त .४४-४०मध्ये मिळायची. एकच बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचं माप, असल्यामुळे नळीवर बोअर लिहायची गरजच कुणाला वाटली नाही, म्हणून सर्वांत जुन्या नगांच्या नळ्या त्या बाबतीत कोऱ्या असतात. .३८-४० आलं १८७९-८०च्या सुमारास, .३२-२० आलं १८८२ला. म्हणजे नळी मूळची असेल तर तुमची रायफल १८७९च्या आधीची असू शकत नाही. नळी मूळची आहे का, हे बघायला लिव्हर खाली ओढा. काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा दिसेल, त्याच्या पोटावरही बहुधा बोअर ठोकलेलं असतं. नळीवर ३८ आणि ठोकळ्यावर ४४ निघालं, तर मधे कुणीतरी हात घातलाय.

आकडा मिळाला की वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टला कळवा. न्यू हेवनच्या कारखान्याच्या वह्या आज तिथल्या शस्त्रसंग्रहालयात आहेत. शुल्क भरलं की तुमच्या आकड्यापुढची नोंद ते पत्रावर लिहून देतात. रायफल होती की आखूड कार्बाईन, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात कधी आली, बाहेर कधी गेली, दुरुस्तीला परत आली का. विकत घेणाऱ्याचं नाव मात्र त्यात बहुधा नसतंच. आजोबांच्या आजोबांनी ती कुठल्या लढाईत चालवली हे त्या वहीकडून कळणार नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमच्या पणजोबांची विंचेस्टर रायफल घरी आहे. खाली लिव्हर, चापापुढे चौकोनी पेटी, नळीवर ४०५. एका संस्थानिकांनी शिकारीत जीव वाचवल्याबद्दल ती पणजोबांना दिली, असं घरात सांगतात. परवाना आजोबांच्या नावे होता, ते गेल्या महिन्यात वारले. एक ओळखीचे म्हणाले, शंभर वर्षांपूर्वीची आहे म्हणजे परवान्याची भानगड नाही. रायफलीचा इतिहास कसा शोधावा?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, इतिहास थोडा थांबेल, आधी पोलीस ठाणं. ओळखीचे जे म्हणाले ते विसरा. १९५९च्या शस्त्र कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशा शस्त्रांना. चालती ४०५ त्यात बसत नाही. परवानाधारक गेले की वारसानं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची आणि मग स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करायचा. पावती सांभाळा. आणि आजोबांच्या परवान्याचं जुनं पुस्तक कुठल्याही परिस्थितीत रद्दीत जाऊ देऊ नका. तुमच्या संशोधनाचा पहिला कागद तोच.

आता रायफल. चापापुढची चौकोनी पेटी बघितली की मॉडेल १८९५ हे आंधळाही हात फिरवून सांगेल. जॉन मोझेस ब्राउनिंगची रचना. त्याआधीच्या विंचेस्टरांत काडतुसं नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असायची. एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, म्हणून गोळ्यांची टोकं बोथट ठेवावी लागत. नव्या, जोरदार, टोकदार गोळीच्या काडतुसांना हे परवडणारं नव्हतं. ब्राउनिंगनं ती पेटीत एकावर एक ठेवली. ही रायफल एकूण सव्वाचार लाखांच्या आसपास बनली. त्यातल्या २ लाख ९० हजारांहून अधिक पहिल्या महायुद्धात एकट्या रशियानं नेल्या, आपल्या लष्करी काडतुसाच्या मापाच्या. म्हणजे शिकाऱ्यांच्या वाट्याला आल्या त्या थोड्याच, आणि तुमची त्यांतली.

.४०५चं काडतूस आलं १९०४ला. म्हणजे मॉडेल १८९५ असलं तरी तुमची रायफल १९०४च्या आधीची नाही. गोळी ३०० ग्रेनची, सुमारे साडेएकोणीस ग्रॅम. थिओडोर रूझवेल्ट १९०९ला आफ्रिकेत गेले तेव्हा सिंहांसाठी हीच घेऊन गेले आणि परत येऊन तिचं इतकं गुणगान केलं की कारखान्याला वेगळी जाहिरात करायला नको. आपल्याकडे बंगळूरचे शिकारी केनेथ अँडरसन आयुष्यभर .४०५ विंचेस्टर बाळगून होते.

भारतात हे बोअर रुजायला सरकारचाही हातभार होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिशांनी .४५० बोअरच्या रायफली भारतात आणायला बंदी घातली. त्याच बोअरच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून. लष्कराचं .३०३ तर खासगी माणसाला आजही निषिद्ध बोअर. मोठी शिकार करणाऱ्यानं मग घ्यायचं काय? .४०५ कुठल्याच लष्कराचं काडतूस नव्हतं.

शोध असा करा. रायफल जमा करण्याआधी विक्रेत्याच्याच हातून ती नीट उघडून घ्या आणि फोटो काढा. नळीवर, चौकटीवर इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, बारीक शिक्के आहेत का बघा. त्या काळात परदेशी बनावटीचा माल लंडन किंवा बर्मिंगहॅममधून पुढे गेला तर त्यावर 'नॉट इंग्लिश मेक' असं ठोकत. तसं निघालं तर तुमची रायफल अमेरिकेतून इंग्लंडमार्गे आली. मग प्रश्न उरतो विक्रेत्याचा. कलकत्त्याचे मँटन, लायन अँड लायन, मुंबईत काळा घोड्याजवळचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर, अशा पेढ्या आपलं नाव नळीवर किंवा पेटीच्या झाकणात घालत. चामड्याची किंवा लाकडाची मूळ पेटी माळ्यावर असेल तर तिच्या आतलं लेबल रायफलीहून अधिक बोलेल.

कोडीच्या वह्या या मॉडेलसाठी पहिल्या साठ हजार आकड्यांपर्यंतच आहेत. .४०५ उशिरा आल्यामुळे बऱ्याच ४०५ त्या मर्यादेच्या पलीकडे पडतात. तुमची अलीकडे असली तर नशीब.

आणि संस्थानिकांची गोष्ट? ती खोटी म्हणायचं मला कारण नाही. पण 'दिली' याला तारीख हवी. आजोबांच्या परवान्यात आधीच्या परवान्याचा उल्लेख असतो, त्यावरून पणजोबांच्या नावावर ती कधी चढली ते काढा. संस्थानाचं दप्तर कोल्हापूर किंवा पुणे पुरालेखागारात असेल तर शिकारखान्याच्या, जामदारखान्याच्या खर्चाच्या नोंदी मागा. बक्षीस दिलेली वस्तू कुठल्यातरी कारकुनानं खर्ची टाकलेलीच असते. त्या नोंदीत आकडा किंवा निदान '४०५' सापडलं तर मला जरूर कळवा. संस्थानिकांचं नाव ऐकायला मी उत्सुक आहे, तोवर छापणार मात्र नाही.

प्रश्न : टेक्सासमधल्या गराज सेलमध्ये सोनेरी मुलाम्याची विंचेस्टर दिसली. दस्त्यावर पदक, नळीवर १८६६-१९६६. विकणारा 'अँटिक' म्हणतो. घ्यावी का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : भिंतीला शोभा म्हणून, कायद्यानं घेता येत असेल तर खुशाल घ्या. अँटिक नव्हे. कंपनीच्या शताब्दीसाठी १९६६ला काढलेली ही .३०-३०, आत मॉडेल १८९४चंच यंत्र. लाखाच्या वर नग निघाले आणि घेणाऱ्यांनी 'पुढे भाव येईल' म्हणून ते खोक्यातच ठेवले. सगळ्यांनीच ठेवले, हीच अडचण.

प्रश्न : काका, मी कॅनडात असते. सासऱ्यांच्या फार्मवर सॅव्हेज कंपनीची लिव्हरची रायफल आहे, नळीवर .३०३. माझे वडील फौजेत होते, ते व्हिडिओ कॉलवर बघून म्हणाले, 'अरे, ही तर आपली थ्री-नॉट-थ्री!' खरंच ब्रिटिश .३०३ आहे का? त्याची काडतुसं इथे दुकानात मिळतात.
— एक वाचक, ब्रिटिश कोलंबिया

उत्तर : नाही, नाही, नाही. वडिलांना माझा सलाम सांगा आणि काडतुसं दुकानातच राहू द्या.

.३०३ सॅव्हेज आणि .३०३ ब्रिटिश ही वेगळी काडतुसं आहेत. ब्रिटिशाचं कवच ५६ मिलिमीटर लांब, सॅव्हेजचं सुमारे ५१. आकारानं ते .३०-३०चं भावंड. एकाच्या चेंबरसाठी, म्हणजे नळीत काडतूस बसायच्या जागेसाठी, दुसरं बनलेलंच नाही. आकडा सारखा म्हणून काडतूस सारखं असं मानणाऱ्यांचे तुटके कुंदे मी पाहिले आहेत.

गोंधळ वाढवायला इतिहासही आहे. विंचेस्टरच्या १८९५ मॉडेलमध्ये अस्सल ब्रिटिश .३०३ मिळायचं, आणि ते ब्रिटिश साम्राज्यात भरपूर खपलं. म्हणजे एका लिव्हर रायफलीवरचं .३०३ हे ब्रिटिश, दुसऱ्या लिव्हर रायफलीवरचं नाही. म्हणून आधी कंपनी आणि मॉडेल ठरवा, आकडा नंतर वाचा. तरीही खात्री हवी असेल तर तज्ज्ञ गनस्मिथ चेंबरचा साचा ओतून घेतो, गंधकाचा किंवा कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूचा, आणि त्यावर व्हर्नियर लावतो. नळीवर काहीही लिहिलेलं असो, मी साचा मानतो.

तुमची रायफल मात्र लाख मोलाची रचना आहे. आर्थर सॅव्हेजचा जन्म जमैकातला, कारखाना न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात. मॉडेल १८९९मध्ये त्यानं घोडा बाहेर ठेवलाच नाही, सगळं चौकटीच्या आत. काडतुसांसाठी गोल फिरणारी फिरकी बसवली. चौकटीच्या डाव्या अंगाला लहान खिडकी आहे का बघा. तिच्यातून आत किती काडतुसं उरली तो आकडा दिसतो. १९१४ला महायुद्ध लागल्यावर माँट्रियलच्या होम गार्डनं या सॅव्हेज रायफली घेतल्या होत्या, .३०३ सॅव्हेजमध्येच. नळी लांब आणि पुढपर्यंत लाकूड असेल तर सासऱ्यांना विचारा, घराण्यात माँट्रियलचं कुणी होतं का.

प्रश्न : मी पुण्यात इतिहास शिकतो. अमेरिकन पश्चिमेवर प्रबंधिका लिहितोय. .४४-४०, .४५-७०, .३८-४०, .३०-३०, .३०-०६, .२५०-३००० या आकड्यांचं सूत्र काय? आणि रायफल हातात न घेता यावर संशोधन होऊ शकतं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : सूत्र एकच आहे, ते म्हणजे सूत्र नाही. पहिला आकडा साधारण बोअरचा, इंचाच्या शतांशात. दुसरा काळ्या दारूचं वजन, ग्रेनमध्ये. .४४-४० म्हणजे ४४ बोअर, ४० ग्रेन दारू, अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. .४५-७० तसंच. इथवर सरळ. .३८-४०ची गोळी प्रत्यक्षात .४० इंचाची आणि दारू ३८ ग्रेन! पाटी उलटीच लागली. .३०-३०मधले तीस ग्रेन काळ्या दारूचे नव्हेत, नव्या धूरविरहित दारूचे. .३०-०६मधले ०६ म्हणजे १९०६ साल. .२५०-३०००मधले तीन हजार म्हणजे वेग, सेकंदाला ३,००० फूट. सॅव्हेजनं तो आकडा नावातच घालून जाहिरात केली.

शिवाय एकाच काडतुसाला दोन नावं. विंचेस्टर आपल्या नळीवर '४४ डब्ल्यू.सी.एफ.' लिहायची, म्हणजे विंचेस्टर सेंटर फायर. प्रतिस्पर्धी मार्लिननं दुसऱ्याचं नाव आपल्या नळीवर का कोरावं? तिनं लिहिलं ४४-४०. तेच काडतूस. .३० डब्ल्यू.सी.एफ. आणि .३०-३० यांचीही गोष्ट हीच. जुनी पत्रं, दुकानांच्या याद्या वाचताना ही दोन्ही नावं डोक्यात ठेव, नाहीतर एक काडतूस दोनदा मोजशील.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुला आवडेल. लिटल बिगहॉर्नची लढाई, २५ जून १८७६, माँटाना. अमेरिकी सैन्यातल्या कस्टर या अधिकाऱ्याची सातवी घोडदळ पलटण लाकोटा आणि शायेन योद्ध्यांशी भिडली आणि कस्टरसोबतचे सगळे मारले गेले. सैनिकांकडे स्प्रिंगफील्डच्या एकेक गोळीच्या कार्बाईन. समोर काय होतं यावर शंभर वर्षं नुसते तर्क. १९८३ला रणभूमीवर वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली. मग १९८४-८५ला डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी मेटल डिटेक्टर घेऊन ती इंच इंच तपासली. सापडल्या काडतुसांच्या पुंगळ्या. प्रत्येकीची जागा नकाशावर मांडली. हेन्री आणि १८६६च्या .४४ रिमफायर (बुडाच्या कडेवर सुई आपटून पेटणाऱ्या) पुंगळ्या, १८७३च्या .४४-४० पुंगळ्या, सगळ्या मिळाल्या.

खरी गंमत पुढे. प्रत्येक बंदुकीची सुई काडतुसाच्या बुडावर आपली खूण सोडते. हेन्री आणि १८६६च्या सुईची दोन टोकं कडेवर समोरासमोर आपटतात, त्यामुळे ती खूण लगेच ओळखू येते. सूक्ष्मदर्शकाखाली पुंगळी पुंगळीशी जुळवत त्यांनी एकच रायफल मैदानाच्या एका भागातून दुसरीकडे कशी सरकली हे काढलं. खुनाच्या तपासात पोलीस करतात तेच. रायफल एकही हातात नव्हती, आणि योद्ध्यांच्या बाजूनं लिव्हर रायफली खऱ्याच होत्या हे जमिनीतून सिद्ध झालं. योद्ध्यांच्या वंशजांनी सांगितलेल्या आठवणींकडेही त्यानंतर विद्वानांनी अधिक गांभीर्यानं पाहिलं. हे आधीच करता आलं असतं, असं माझं मत.

उलट उदाहरणही घे. नोव्हेंबर २०१४, नेवाडातलं ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यान. जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टर १८७३ सापडली, लाकूड उन्हापावसानं करडं, दस्ता मातीत रुतलेला. आकडा वाचता आला. कोडीच्या वहीत नोंद निघाली, १८८२ला बनली आणि गोदामातून गेली. बस, पुढे कोरं पान. क्ष-किरण तपासणीत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस दिसलं, युनियन मेटॅलिक कंपनीचं, १८८७ ते १९११च्या दरम्यान बनलेलं. म्हणजे ती निदान १८८७नंतर तिथे टेकवली गेली. कुणी, का, परत का आला नाही, काही नाही. तुझ्या प्रबंधिकेत असं कोरं पान आलं तर ते कोरंच छाप. मार्गदर्शक रागावले तर माझं नाव सांग.

प्रश्न : माझ्याकडे विंचेस्टर १८९४ आहे, .३८-५५, अष्टकोनी नळी. एका पुस्तकाप्रमाणे ती १८९८ची, दुसरीकडे विचारलं तर १८९९. एका वर्षानं काय फरक पडतो?
— एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : अमेरिकेत त्या एका वर्षानं बराच फरक पडतो. तिथला संघराज्याचा कायदा १८९८ किंवा त्याआधी बनलेल्या बंदुकीला अँटिक मानतो. त्यानंतरची, मग ती एका आठवड्यानं धाकटी असो, साधी बंदूक. राज्याचा कायदा आणखी वेगळा असू शकतो, तो तुमच्या राज्यात विचारा.

सालांच्या याद्या दोन प्रकारच्या फिरतात. एक पुस्तकांतून वर्षानुवर्षं उतरवत आलेली. दुसरी कारखान्याच्या पॉलिशिंग रूमच्या नोंदींवरून केलेली, म्हणजे चौकटीवर आकडा ठोकला गेला तो दिवस. त्या दोन्ही जुळत नाहीत. काठावरच्या आकड्याला मी पॉलिशिंग रूम मानतो, आणि कोडीचं पत्र मागवायला सांगतो. १८९४च्या पहिल्या साडेतीन लाखांच्या नोंदी तिथे आहेत, तुमचा आकडा त्यात येणारच.

.३८-५५ जुळतं. १८९४ला हे मॉडेल आलं ते .३२-४० आणि .३८-५५ या दोनच काळ्या दारूच्या बोअरात. .३०-३० आलं पुढच्या वर्षी, निकेल पोलादाच्या नळीसह. पण नळीच्या मागच्या टोकाशी अंडाकृतीत 'डब्ल्यूपी' असा शिक्का आहे का ते बघा. विंचेस्टरचा तो प्रूफचा शिक्का १९०५पासूनचा. तो असेल तर चौकट जुनी आणि नळी नंतरची, किंवा रायफल मधे कारखान्यात परत जाऊन आली. कोडीच्या पत्रात दुरुस्तीची नोंद निघाली तर कोडं सुटेल.

प्रश्न : आमच्याकडे १८६६ची पिवळ्या चौकटीची विंचेस्टर आहे. फार काळवंडलीय. देवाच्या भांड्यांना लावतो ते पितळ चकाकवायचं औषध लावू का? दिवाळीत हॉलमध्ये मांडायची आहे.
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : नको! तो काळपटपणा दीडशे वर्षांचा आहे आणि एका दुपारीत जाईल. त्याबरोबर कोपऱ्यांच्या धारा, कोरलेली अक्षरं आणि आकड्याची कड पण गोल होईल. मग ती रायफल आणि इटलीत बनलेली नवी नक्कल यांत फरक करायला मलाही घाम फुटेल. तशा नकला १८६६च्याही भरपूर निघतात. मऊ कोरडं सुती कापड फिरवा, लोखंडी भागांवर पातळ तेलाचा हात, लाकडावर तेल अजिबात नको. उघड्या हातानं धरू नका, घामातलं मीठ बोटांचे ठसे उमटवतं. हॉलमध्ये मांडायची तर कुलूपबंद काचेच्या कपाटात, खिडकीपासून लांब. पणत्या दुसऱ्या भिंतीला लावा.